पिवळ्या पट्टीजवळचा माणूस

माझ्या हातात रियाचा नुसता हातमोजा राहिला होता... हात निसटला होता. पाच वर्षांची पोर फलाटाच्या अगदी कडेला, पिवळ्या पट्टीवर, कमरेत वाकलेली. पाठीवर दप्तर. आणि बोगद्यात गाडीचे दोन दिवे दिसायला लागले होते.

ती वाकली होती ती माझ्या शिकवणीमुळे. पुस्तकाला पाय लागला की वाकून हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा, हे मीच नातीला शिकवलं होतं. तिचं चित्रांचं पुस्तक खाली पडलं, तिच्याच बुटाची ठोकर लागून कडेपर्यंत घसरत गेलं, आणि पोर हात सोडवून नमस्कार करायला धावली. वाकल्यावर दप्तर मानेवर सरकलं. तोल पुढे गेला. मी ओरडले, पण माझे पाय जागचे हलले नाहीत. हे मी लपवत नाही.

तेव्हा मला तो माणूस दिसला.

पुढचं सांगण्याआधी एवढं सांगते, की भुतंखेतं, अंगात येणं यातलं मला काही पटत नाही. आमच्या गावात एका बाईच्या अंगात यायचं... आणि ते नेमकं सासूने कामाला लावलं की यायचं. मी चौथी शिकलेली. कराडजवळच्या गावात जन्म गेला, नवरा गेल्यावर मुलाकडे टोरोंटोला आले. हे मी वहीत लिहिलंय, सून मनीषाने टाइप केलंय. तिचाही यावर विश्वास नाही. टाइप करताना तीनदा म्हणाली, "आई, नक्की पाठवायचं ना?"

२०१० साल. हिवाळा संपत आला होता. रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ होतं. मुलगा सुनील कॉम्प्युटरचं काम करतो. त्याला ऑफिसने उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी जपानला, ओसाकाला पाठवायचं ठरवलं. आम्ही सगळेच जाणार होतो. तेव्हापासून मनीषाला माझी काळजी.

"आई, तिथे स्टेशनवर ढकलाढकली चालत नाही हं."

"मी कुणाला ढकलते?"

"परवा बसमध्ये त्या आजोबांना कोपर मारलंत."

"दारातच उभा होता मेला. दार काय त्याच्या बापाचं आहे?"

"हेच. हेच तिथे चालणार नाही."

म्हणून तिने मिचिकोबाई शोधून काढल्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जन्म जपानचा, पण चाळीस वर्षं कॅनडात काढलेली. माझ्याच वयाच्या. इंग्रजी त्यांचंही माझ्यासारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. रियाचं ऐकून त्या मला 'आजी-सान' म्हणायच्या. 'सान' म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव'.

फुकट शिकवणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. ही बाई मान लववते, चहा पाजते, मागत काही नाही... मग हिला हवंय काय? महिनाभर मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. माझी पर्स मी त्यांच्या घरात कधी खाली ठेवली नाही.

शिकवलं मात्र चांगलं. गाडीची दारं जिथे उघडतात तिथे फलाटावर खुणा असतात, तिथे रांगेत उभं राहायचं. आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, बाजूला सरकून. गाडीत फोनवर बोलायचं नाही. ("मग फोन कशाला घ्यायचा?" मी विचारलं. त्या हसल्या.) दार बंद होताना पळायचं नाही, दुसरी गाडी येते. कडेच्या खडबडीत पट्टीच्या अलीकडे राहायचं. रुळावर काही पडलं तर आपण वाकायचं नाही, स्टेशनच्या माणसाला बोलवायचं, त्याच्याकडे लांब चिमटा असतो. आणि पाठीवरची पिशवी पुढे, पोटावर घ्यायची, म्हणजे मागच्याला लागत नाही.

"लाइक अ कांगारू!" रिया म्हणाली.

एके दिवशी मिचिकोबाई म्हणाल्या, "टुडे प्रॅक्टिस." रियाची शाळा अर्ध्या दिवसाची. तिला शाळेतून घेतलं आणि आम्ही तिघी तशाच जवळच्या सबवे स्टेशनवर गेलो. भर दुपार, फलाटावर आठ-दहा माणसं. मिचिकोबाईंनी रियाला दप्तर पुढे घ्यायला सांगितलं. दप्तरात डबा, बर्फात घालायची जाड पँट, काय काय होतं. मीच म्हटलं, "राहू दे हो. इथे कुठे जपान आहे?"

मग ते पुस्तक पडलं.

तो माणूस रियापासून चार हातांवर, पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभा होता. गर्द निळे कपडे, टोपी, हातात पांढरेशुभ्र मोजे. आधी तो तिथे नव्हता. मी फलाटावर आल्याबरोबर सगळी माणसं बघून घेते, ती माझी सवय आहे. त्याने हात ताठ करून एक बोट पट्टीकडे दाखवलं. मग तेच बोट बोगद्याकडे. आणि काहीतरी लांबलचक, खणखणीत ओरडला. मला वाटलं, पोरं पळवणारा. मी ओरडले, "ए! हात लावू नकोस तिला!"

त्याने हात लावलाच नाही. पण रियाचं दप्तर वर उचललं गेलं, कुणी मागून पट्टा धरावा तसं. ती सरळ झाली आणि दोन पावलं मागे आली. उलटी, पुढे तोंड करूनच. भोंगा वाजला, गाडी आली, वारा तोंडावर आला. दारं उघडली, माणसं उतरली. तो माणूस नव्हता.

मी रियाला एक थोबाडीत दिली आणि तिथेच बाकावर बसले.

मिचिकोबाई जिन्यापाशी उभ्या होत्या, हात तोंडावर. मी त्यांना विचारलं, "हू इज दॅट मॅन?"

"नो मॅन, आजी-सान."

"निळे कपडे. कॅप. व्हाइट हातमोजे."

"नो मॅन," त्या पुन्हा म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, ही काहीतरी दडवतेय. महिनाभराचा संशय एकदम वर आला. वर जाऊन मी तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, इथे असला युनिफॉर्म कुणाचा नाही, आणि आज खाली कुणी माणूस ड्यूटीवरही नाही.

घरी आल्यावर रियाला समोर बसवलं. सुनील, मनीषा दोघंही होते.

"तो माणूस काय म्हणाला तुला?"

"व्हॉट माणूस?"

"मग मागे कशी आलीस?"

"यू पुल्ड मी, आजी."

"मी? मी लांब होते."

"तू बॅग पुल केलीस. जोरात." आणि मग गालाला हात लावून, "अँड देन यू हिट मी."

सुनीलने स्टेशनला फोन केला, चिठ्ठी पाठवली. आठवड्याने तिथल्या एका साहेबाचा फोन आला. त्याने कॅमेऱ्यातलं बघितलं होतं. मूल वाकलं, सरळ झालं, मागे आलं. जवळ कुणी नाही. आजी तीन-साडेतीन मीटरवर, हातात काहीतरी धरून, हललेली नाही. दप्तर वर उचललं गेलं का, असं सुनीलने विचारलं. तो म्हणाला, चित्र स्पष्ट नाही, सांगता येत नाही.

म्हणजे मी माणूस बघितला. पोरीला माझा हात लागला. मिचिकोबाईंना दोन्ही नाही, आणि कॅमेऱ्यालाही नाही. यातलं खरं कोणतं धरायचं?

मी सोडणारी नव्हे. सातव्या मजल्यावर गेले आणि तोंडावर विचारलं, "युवर फॅमिली, कोण रेल्वेत होतं? हजबंड? फादर?" मनात आलं, हिच्या घरचं कुणी असेल तर निदान काही अर्थ लागेल.

"हजबंड टीचर. फादर, टोफू शॉप," त्या म्हणाल्या. मग मी जिना उतरेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनाच माझा संशय येत असावा. प्रॅक्टिस बंद झाली.

जूनमध्ये ओसाकाला गेलो. पहिल्याच दिवशी स्टेशनवर पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस हात ताठ करून रुळाकडे बोट दाखवत मोठ्याने ओरडला. मी सुनीलचं मनगट असं धरलं की त्याला वळ उठले.

"अगं आई, ती त्यांची कामाची पद्धत आहे. जे बघायचं त्याच्याकडे बोट करायचं आणि मोठ्याने म्हणायचं. म्हणजे चूक होत नाही."

"मला कसं माहीत होतं हे?"

"टीव्हीवर बघितलं असशील."

मी टीव्हीवर मराठी मालिका बघते. मिचिकोबाईंनी रांगा शिकवल्या, पिशवी शिकवली, पण हे सांगितलं नव्हतं. परत आल्यावर मी पुन्हा विचारलं, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तीन महिने मी तिथल्या प्रत्येक स्टेशनवाल्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मनीषा म्हणायची, "आई, असं रोखून बघणं पण मॅनर्समध्ये बसत नाही." कुणीच तो नव्हता. कपड्यांचा निळाही तो नव्हता.

कुणाला काही ठाऊक असेल तर लिहा. देवाने वाचवलं असं लिहू नका, ते मला शेजारणींनी सांगून झालंय. माझ्या डोळ्यांत दोष आहे म्हणाल तर मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या आदल्या वर्षी झालं, तेव्हापासून मला सुईत दोरा ओवता येतो.

मिचिकोबाई गेल्या वर्षी वारल्या. न्यूमोनियाने, हॉस्पिटलात. त्याचा याच्याशी संबंध जोडू नका; प्रॅक्टिसच्या दिवशी फलाटाच्या कडेला रिया होती, त्या नव्हत्या. ती आता सात वर्षांची आहे.