कुलपातला न्हाई

मी मंठा तालुक्यातला. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. जालन्यात खोली करून राहतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आमच्या भागातलं बोलणं रेकॉर्ड करत होतो: आठवडी बाजारातली घासाघीस, बसथांब्यावरच्या गप्पा, भाकरी थापताना बोलणारी आई. सगळ्या फायली माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये होत्या. लॅपटॉप हरवला तरी लोकांचं बोलणं परक्याच्या हाती पडू नये म्हणून डिस्कचा तो भाग एन्क्रिप्ट केला होता, म्हणजे कुलूपबंद. पासवर्डाशिवाय तो उघडत नाही. दुसरी प्रत मात्र कुठेच नव्हती.

एका रविवारी डिस्क इतकी भरली की डेस्कटॉपच येईना. लिनक्सच्या लगेच पुढे विंडोजचा भाग नुसता पडून होता. तो काढून ती जागा लिनक्सला जोडायची, असं मी ठरवलं. पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालू केली. खोलीतला मित्र बदनापूरचा. तो कॉटवर पाय पसरून बघत होता.

"कर की जल्दी. काय पूजा घालून राह्यला?"

"आधी कॉपी."

"तू ना भौ, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तीनदा झाकण बघतो." असं म्हणत त्यानं स्वतःची हार्डडिस्क मात्र काढून दिली.

मी पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बघून, सावकाश टाकला. तरी तेच. कुलपाचाच भाग खराब झाला असेल तर आतलं काही म्हणजे काही परत मिळत नाही, हे मी वाचलं होतं.

"पासवर्ड काय हाय?" मित्रानं विचारलं.

मला सांगायची लाज वाटली. आई रोज फोनवर जे विचारते तेच मी पहिल्या वर्षी इंग्रजी अक्षरांत ठेवलं होतं. शेवटी सांगितलं, "जेवला का नाही."

तो उठूनच बसला. "तुही माय असं बोलती? रोज स्पीकरवर ऐकतो मी. जेवला का न्हाई!"

खरंच की. रोज बोटं आपोआप टाइप करायची. त्या दिवशी भीतीनं मी विचार करून टाइप केलं, आणि कॉलेजात येऊन सुधारलेली भाषा मध्ये आली. मी 'न्हाई' टाकलं. कुलूप उघडलं.

आधी सगळ्या फायली हार्डडिस्कवर घेतल्या. दोनतीन तिथूनच वाजवून बघितल्या. कुलपाच्या माहितीची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली. मग लिनक्सचा भाग बंद करून विंडोजचा भाग काढला आणि लिनक्सच्या भागाची फक्त शेवटची हद्द पुढे सरकवली. सुरुवातीची हद्द केसभरही हलवायची नसते. तिचा आकडा मी आधी कागदावर उतरवून ठेवला होता, आता मित्राकडून ताडून घेतला.

"बराबर हाय," तो म्हणाला. या वेळी त्यानं चेष्टा केली नाही.

वाढवताना बाहेरून आत जायचं: आधी भाग, मग कुलपाचा थर, शेवटी फायलींची रचना. पुन्हा पासवर्ड देऊन उघडलं, तेव्हा कुलपानं नवी जागा आपोआप धरली. मग फायलींची रचना तपासली, वाढवली. लॅपटॉप नेहमीसारखा सुरू केला. डेस्कटॉप आला. मी आईची फाइल लावली. तव्याच्या आवाजात ती शेजारणीला सांगत होती, "त्याला तिकडं काय खायला भेटतं, काई कळत न्हाई."

तेवढ्यात तिचाच फोन आला. मी सवयीनं स्पीकरवर टाकला.

"जेवला का न्हाई रे?"

"काकू," मित्र कॉटवरून ओरडला, "पासवर्ड मोठ्यानं सांगू नका!"

"काय म्हणून राह्यला तो?"

"काही न्हाई, आई," मी म्हणालो. "आत्ता जेवतो."

पासवर्ड मी त्याच संध्याकाळी बदलला. नवा सांगत नाही. तोही तिचाच आहे.