भाभींचं अर्धं वाक्य

दोन हजार सालच्या आसपास दोहात, अल मुंतझा भागातल्या आमच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर रत्नागिरीच्या एक भाभी राहायच्या. भाकऱ्या स्टुलावर बसून थापायच्या. बोलता बोलता मध्येच हात वर करायच्या, "आजचं खलास," आणि तिथेच आडव्या व्हायच्या. पुढच्या भेटीत तेच वाक्य जिथे तुटलं तिथून सुरू. डॉक्टर त्याला क्रॉनिक फटीग म्हणायचे, कितीही झोपलं तरी न जाणारा, जरा श्रम झाले की आणखी वाढणारा थकवा. बिल्डिंग आळस म्हणायची.

गावी माझी आई वारली. मला जाता आलं नाही. त्या दुपारी बेल वाजली. दोन मजले चढून आलेल्या भाभी दारापाशी पायरीवरच बसल्या होत्या. "तुझी आई..." एवढंच म्हणाल्या आणि हात वर केला. मग नुसता माझा हात धरून बसल्या.

त्यांना उतरताना पाहून समोरची शेजारीण म्हणाली, "बघा, मनात आलं की चढता येतं बाईंना!"

त्यानंतर कित्येक आठवडे भाभींच्या खिडकीचा पडदा बंदच होता. तोवर माझ्या आईचा विषय सगळ्यांसाठी संपला होता. एके दिवशी पडदा सरकला आणि भाभींनी मला आत बोलावलं.

"...कशी होती गो? सांग."