बोंबलाचं पथ्य

कर्करोग झालेल्या मुलांच्या घरी पथ्यपाणी बघायला जाणाऱ्या आमच्या संस्थेच्या चार-पाच बायकांत सगळ्यांत खाष्ट मीच. बोईसरहून रिक्षाने मुलाच्या घरी पोचले की आधी पाण्याचं भांडं उघडून बघायचं, मग मुलाची नखं, मग चूल. पाणी उकळलेलं हवं, जेवण ताजं हवं, उघड्यावरचं काही नको. आयांना माझा धाक वाटायचा आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा.

तारापूरच्या पुढे किनाऱ्यालगत मच्छीमाराच्या घरी नऊ वर्षांची मुलगी होती. रक्ताचा कर्करोग. मुंबईच्या हॉस्पिटलातून उलट्या करत यायची आणि घरी आली की एकच मागायची, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. घरासमोरच बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टांगलेले असायचे. त्यांवर माश्या, धूळ, कावळे. पथ्यात ते कसे बसणार?

"बरी झाली का देईन," आई म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान डोलवायची.

माझ्याही वरताण बाई मला पहिल्यांदाच भेटली. पोरीसमोर नको म्हणून तिने घरात कुणालाच बोंबील देणं बंद केलं. "आमच्या घरात रोज दुधीभोपळा! शेजारी हसतान," बाप कुरकुरायचा, पण मुकाट्याने जेवायचा.

पुढे आजार उलटला. हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी आईबापांना समोर बसवून समजावलं, आता औषधं लागू पडणार नाहीत, त्रास कमी करत राहू, तिला हवं ते खाऊ द्या. मी शेजारीच होते. "म्हंजे बरी नाय होनार?" आईने विचारलं. डॉक्टरबाई नाही म्हणाल्या.

घरी आल्यावर आईने नेहमीसारखं पाणी उकळायला ठेवलं.

"आता दे गं तिला बोंबील," मी म्हटलं.

"पथ्य मोडलं तं मग माज्याकडं काय रायलं, ताई?"

पथ्य मीच तिला शिकवलं होतं. ते कसं पाळायचं एवढंच आम्हाला शिकवलेलं असतं; कधी सोडायचं ते मलाही कुणी सांगितलं नव्हतं. ती चुकत होती असं आजही म्हणवत नाही, पण जीव तुटतो.

एका दुपारी आई पाण्याला गेली असताना बापाने वलांडीवरून एक बोंबील काढून आणला. तो नीट भाजला, काटा काढला, ताटलीत घालून पोरीपुढे धरला. मी दार लोटून घेतलं.

"खा बाय."

तिने ताटली नाकाशी नेली. डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. मग ताटली परत दिली.

"नको बाबा. आयला कललं तं तिला वाटंल, मी बरी नाय होनार."

बापाने ताटली चुलीमागे सरकवली. ती म्हणाली, "दार उघडा ना. आय येईल, वास जाऊ दे."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. गेली तेव्हा तिचं पथ्य अगदी माझ्या नियमाप्रमाणे चालू होतं.