कॅरिअरवरची गोधडी

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेही यंत्रांचं शिकायला. म्हणून परदेशाबद्दल लिहायला बसलो याची आधीच माफी मागतो. तिथल्या शहराचं वर्णन मला जमणार नाही. सायकलीबद्दल तेवढं सांगता येईल.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या ज्या कंपनीत होते, तिनेच कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला काही महिने हॉलंडला प्रशिक्षणाला पाठवलं. नेमकी तेव्हाच ताई बाळंतपणाला चाकणजवळच्या आमच्या गावी आली होती. तिचं पहिलं मूल दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला म्हणून गेलं होतं; एसटी चुकली होती. माझा पाय घरातून निघेना. अण्णा म्हणाले, "तू जा. सायकल हाय घरात. तिला मी पोचवतो."

तिथे घरमालकीणबाईंनी मला त्यांच्या दिवंगत नवऱ्याची सायकल दिली. काळी, उंच; थांबलो की एका पायाचा अंगठाच काय तो टेकायचा. तिला हाताचा ब्रेक नव्हता. पायडल उलटं फिरवलं की चाक थांबायचं. आपल्याकडे चालणाऱ्या माणसाशी बोलत जायचं असलं की आपण सायकल हळू करतो आणि पायडल उगाच उलटं फिरवत राहतो. शिफ्ट सुटली की पिंपरीच्या रस्त्यावर ती टिकटिक सगळीकडे ऐकू यायची. मी पहिल्याच दिवशी सवयीने तसं केलं आणि कालव्याच्या कठड्यावर जाऊन आदळलो.

हळूहळू जमलं. बोटीसाठी पूल वर उचलला की सायकलवाल्यांची रांग लागायची. त्या गर्दीत उभा राहिलो की कंपनीच्या गेटाशी असल्यासारखं वाटे. फक्त कुणी बोलायचं नाही. संध्याकाळी घरी आलो की बाई विचारायच्या, "बेबी?" पत्र नाही, म्हणून मी नकारार्थी मान हलवायचो. मग त्या सूप वाढायच्या.

अशातच आमच्या गावचा, अण्णांच्याच खात्यातला एक फिटर प्रशिक्षणाला आला. त्याला आणायला मी सायकल घेऊन स्टेशनवर गेलो. पिशवी हँडलला अडकवली, त्याला मागे बसवलं.

"डबलसीटला पोलीस धरत नाहीत ना राव इथं?"

"नाही. नीट बस."

"कॅरिअर टोचतंय. अण्णांसारखी गोधडी तरी टाकायचीस."

"कसली गोधडी?"

"ताईला नेताना टाकलेली. तुला अजून कळलं नाही?"

"काय?"

"अरे, एसटी परत चुकली. अण्णांनी तिला मागं बसवलं आणि सायकल हातात धरून चालत निघाले. आई मागून पाठीला हात लावून. मी शिफ्टवरनं येत होतो. म्हटलं, ट्रक थांबवतो. तर म्हणाले, ट्रकात आदळंल ती, ह्यावर न्हाई आदळायची. चाकणच्या दवाखान्यापर्यंत एकदाही टांग मारली नाही त्यांनी."

पुढचं विचारायला मी मान मागे वळवली. हळू व्हावं म्हणून पाय आपोआप उलटे फिरले. सायकल जागच्या जागी थांबली आणि तो माझ्या पाठीवर आदळला.

"मामाला सायकल येत नाही, सांगतो तिला," तो म्हणाला. "पोरगी झालीय राव. दोघी बऱ्या आहेत."