मामा एस्तेरच्या टेबलावरची तीन ताटं

फौजेतून निवृत्त होऊन मी रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहायला आलो, त्याला आता काही वर्षं झाली. आफ्रिकेतल्या माझ्या पोस्टिंगचा विषय निघाला की शेजारपाजारचे लोक पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारतात, "भैया, तिकडे बाहेर जेवायले किती लागते?" मी सांगतो. तिथल्या राजधानीच्या हॉटेलात एका माणसाच्या जेवणाला जेवढे पैसे पडत, तेवढ्यात इथल्या पंडरीत सहा माणसांचं घर गोडासकट जेवून उठेल. लोक हसतात. त्यापुढचं मी सहसा सांगत नाही. आज लिहितो.

आमची बटालियन वर्षभरासाठी शांतिसेनेत गेली होती. मी तेव्हा नायब सुभेदार होतो. देशाचं नाव लिहीत नाही. काम सरळ होतं. डोंगराखालच्या एका बाजारगावात गस्त घालायची, लोकांशी बोलायचं, दिवस मावळायच्या आत कॅम्पवर रिपोर्ट द्यायचा. माझी गाडी नायक दिलीप मेश्राम चालवी. तो बूढापाऱ्याचा, वडील रेल्वेतून रिटायर झालेले. परक्या मुलखात रायपूरचं माणूस भेटलं म्हणून आमचं लवकर जमलं. बांगलादेशच्या तुकडीचा सार्जंट रफीक आमच्याबरोबर असे, आणि दुभाषी म्हणून त्याच गावच्या शाळेतले जोसेफ मास्तर, जे आता आमच्या कॅम्पवरच राहत. मागच्या गाडीत जवानांचं सेक्शन.

गस्तीच्या दिवशी दुपारी आम्ही चौघं मामा एस्तेरच्या टपरीवर जेवायचो. लोकांशी ओळख वाढावी म्हणून कंपनी कमांडरनी तशी परवानगी दिली होती. तिकडे वयस्क बाईला मामा म्हणतात. मेश्रामला त्याची फार गंमत वाटे.

"साहेब, मामा म्हटलं का मले मिशाच दिसतात."

राजमा, भात आणि बकऱ्याचा रस्सा. जेवताना भावाची चर्चा ठरलेली. रफीक ढाक्याच्या भात-माशाचा भाव सांगे, मेश्राम बूढा तालाबजवळच्या थाळीचा. जोसेफ मास्तर म्हणत, "आम्ही पगार झाला तरच बाहेर जेवतो, तेही मिळाला तर." मामा सगळं ऐकून घेई. एकदा तिनं मास्तरांकरवी विचारलं, "तुमच्याकडे जेवण एवढं स्वस्त आहे, तर तुम्ही इतक्या दूर कशाला आलात?"

"सांगा तिले," मेश्राम म्हणाला, "तुह्या हातच्या राजम्यासाठी."

ती खूप हसली. तिनं त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली. त्या वाढपाचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत.

त्या दिवशीची गस्त ठरलेली नव्हती. कंपनी कमांडरनी सकाळी अचानक हुकूम दिला. गावात कोणाला कळवलेलं नव्हतं. वाटेवर एरवी सायकलवाले, मोळीवाल्या बाया भेटत. त्या दिवशी कोणी भेटलं नाही.

बाजारात दुकानं उघडी होती, केळीचे घड टांगलेले होते. माणूस एकही नव्हता. कोंबडी नाही, कुत्रं नाही. ऊन कडक होतं आणि इतकी शांतता, की इंजिन बंद केल्यावर स्वतःच्या बुटांचा आवाज नकोसा वाटला. मी सेक्शनला रस्त्यावर पोझिशन घ्यायला लावली आणि टपरीत शिरलो.

आमच्या टेबलावर जेवण वाढलेलं होतं. भातातून वाफ निघत होती.

"मामा!" मेश्रामनं हाक मारली.

मी मागे चुलीपाशी गेलो, राखेत हात घातला. राख गार होती. नुसती गार नाही, दवानं ओली झालेली.

परत आलो तेव्हा मेश्राम आपल्या नेहमीच्या जागेपाशी उभा होता.

"साहेब, आपण चौघं. ताटं तीन." त्याच्या जागेसमोरचं टेबल मोकळं होतं. "मले काहून नाही वाढलं? रुसली काय मामा?"

तो हसला, पण हळू. रफीक ओठातल्या ओठात काही म्हणत होता. जोसेफ मास्तर दाराबाहेरच थांबले होते. ते म्हणाले, "कशाला हात लावू नका. निघा."

मी वायरलेस सेट उचलला.

"टायगर, हा चार्ली वन. बाजार रिकामा. एकही सिव्हिलियन नाही. ओव्हर."

"चार्ली वन, ताबडतोब परत. नदीकाठच्या रस्त्यानं या. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

नदीकाठी बांबूचं दाट बेट होतं. तिथून उजव्या बाजूनं फायर आला. आमची काच फुटली. मागच्या गाडीतून आमची एलएमजी, हलकी मशीनगन, सुरू झाली. मेश्रामनं वेग कमी केला नाही.

"मेश्राम, लागलं का?"

"चालवून राहिलो, साहेब."

पूल ओलांडून त्यानं गाडी मोकळ्या मैदानात आणली. थांबवली, न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग डोकं मागे टेकलं. गोळी काखेतून आत गेली होती, जिथे बुलेटप्रूफ जॅकेट पुरत नाही. रफीकनं आणि मी जखम दाबून धरली. हेलिकॉप्टर येण्याआधी तो गेला. बाकी सगळे वाचलो.

कमांडर म्हणाले, हल्लेखोरांनीच जेवण मांडलं असेल, आपल्याला तिथं गुंतवून ठेवायला. असेलही. पण मग तीनच ताटं का, आणि चूल गार असताना भात गरम कसा?

पुढे निर्वासितांच्या छावणीत मामा एस्तेर भेटली. जोसेफ मास्तर सोबत होते. ती म्हणाली, हल्ल्याची कुणकुण लागल्यावर अख्खं गाव आदल्या संध्याकाळीच निघालं होतं. त्यानंतर तिनं चूल पेटवलीच नव्हती. मी तिला टेबलावरच्या जेवणाचं सांगितलं. आमच्यातलं कोणी गेल्याचं अजून बोललो नव्हतो. तिनं पदरासारखं डोक्यावरचं फडकं तोंडावर धरलं.

"किती ताटं?"

"तीन."

तिनं फडकं खाली घेतलं. मग विचारलं, "गाडी चालवायचा, तो ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

देशात परतल्यावर मी बूढापाऱ्यात मेश्रामच्या घरी गेलो. गल्लीत स्कूटर जेमतेम शिरते. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी पुलाचं सांगितलं, हँडब्रेकचं सांगितलं. टपरीचं काही सांगितलं नाही. ते खाली पाहत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "साहेब, एक विचारू काय? दुपारची गोष्ट म्हणता तुमी. पोट्टा जेवला होता काय? उपाशी तर नाही गेला?"

"नाही बाबूजी. सकाळी कॅम्पच्या लंगरमधून पोटभर खाऊन निघाला होता. पुऱ्या होत्या."

"किती खाल्ल्या?"

मला आठवत होतं, कारण मी त्याच्याच शेजारी बसलो होतो. "सहा. आणि वरून चहा."

त्याच्या आईला कमी ऐकू येई. ती आत भिंतीला टेकून बसली होती. बाबूजींनी दाराकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "पुऱ्या खाल्ल्या होत्या म्हणते. सहा. वरून चाय."

आतून तिचा होकार आला, "हव."