आकृतीतून कापलेला तुकडा

“जागा राखीव मिळते गं, डोकं राखीव मिळत नाही.”

सर हे हसत हसत म्हणाले. मराठीत. भर मीटिंगमध्ये. खोलीतली बाकीची पोरं पंजाब-हरियाणाची, त्यांना ओ की ठो कळलं नाही. सर हसले म्हणून पोरंही हसली.

चंडीगडला उतरले तेव्हा केवढा आनंद झाला होता मला! एवढ्या लांब, मोहालीच्या संस्थेत, पीएचडीला गाइड मराठी मिळाले. परभणीला आईला फोन करून सांगितलं, आपला माणूस आहे. डोंबलाचा आपला माणूस! चारचौघांत हिंदीतून ‘बेटा, बेटा’ करायचे आणि जातीवरचं सगळं मराठीतून. चार वर्षं मी मान खाली घालून ऐकलं. लाज मलाच वाटायची.

त्या दिवशी मी एवढंच म्हणाले होते, की रेणू सापडलेला नाही. ताऱ्यांच्या मधल्या वायूच्या ढगांत मोठे सेंद्रिय रेणू शोधायचे, हे आमचं काम. रेडिओ दुर्बिणीच्या आलेखात प्रत्येक रेणूच्या रेषा ठरलेल्या जागी उमटतात. रेणू असेल तर सगळ्या दिसायला पाहिजेत. एक जोरकस रेष नसली की दावा मेला. आमची एक नव्हती. आणि सर तर शोध लागला म्हणून सगळीकडे सांगून बसलेले.

“रेष नाही तेवढा तुकडा आकृतीतून काढून टाक.” हेही मराठीतच.

काय झालं कुणास ठाऊक. मी उभी राहिले. हिंदीत, मोठ्याने सांगितलं, “सर कह रहे हैं, सीट रिज़र्व मिलती है, दिमाग़ नहीं मिलता. और कह रहे हैं, वो टुकड़ा ग्राफ़ से काट दो.”

आता कुणी हसलं नाही. सर इंग्रजीत म्हणाले, “यू आर इमोशनल टुडे.”

मी तक्रार दिली. समितीपुढे मीटिंगमधल्या एकालाही काही आठवेना. सरांनी मुदतवाढीच्या फॉर्मवर सही केली नाही. महिनाअखेर हॉस्टेल सोडायचंय. आई म्हणते, “माफी माग माय, तुझं काय झिजतं?” मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. खोटं कशाला सांगू, त्या आलेखापुढे हातसुद्धा जोडले. दिस बाई एकदा, सोडव मला. पुन्हा पुन्हा तपासलं. ती रेष नाही दिसली.

काल पेपरचा मसुदा आला. तुकडा कापलेला. लेखकांत माझं नाव तिसरं. माझा पहिलाच पेपर. मागोमाग सरांचा फोन. “पेपरला गप ‘हो’ म्हण, लगेच फॉर्मवर सही करतो.”

मी नाही म्हणाले. फोन ठेवला. पदवी जाईल. गेली तर गेली, असं म्हणवत नाही. आयुष्याची वर्षं घातलीत त्यात. पण जे नाही ते आहे म्हणणार नाही. न कापलेली आकृती आज मी स्वतः जर्नलच्या संपादकांना पाठवतेय. खाली नाव लिहिलंय. आडनावासकट.