मावशी, ट्यूब आणि दोनशे तीस वॅट

माझ्या मावशीची पाठ एकदा बघा, जेवण जाणार नाही. आडवेतिडवे काळे वळ. सायकलच्या ट्यूबचे. ट्यूब दुहेरी करायची, टोकाला गाठ मारायची, पाण्यात बुडवायची आणि हाणायची, ही तिच्या कोचची पद्धत.

मावशी दिवसभर जुने टायर नवे करायच्या कारखान्यात रबर घासायची आणि उरलेल्या वेळात सायकल. रेसची. बाकी तिला काही म्हणजे काही जमत नाही, दूध दरवेळी उतू घालवते.

कोच जीपमधून शेजारून यायचा आणि टीममधल्या पोरींचे चेहरे बघायचा. जिचं तोंड वाकडं, ती जोर लावतेय. जिचं शांत, ती कामचोर. आता मावशीचं थोबाड असं आहे ना, की घर पेटलं तरी वाटेल बाई बसची वाट बघतेय. त्याने तिचं नावच 'दगड' ठेवलं. सगळ्यात जास्त मार तिलाच. त्याखालोखाल त्याच्या स्वतःच्या मुलीला, ती पण टीममध्ये, आणि घरची म्हणून सोडली असं कोणी म्हणायला नको. एकदा तिच्या कानाखाली अशी वाजवली की पडदा फाटला. दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून पोरगी सायकलवर. पालक म्हणायचे, सर कडक आहेत, पण पोरी घडवतात.

माझी आई तिच्या वळांवर मलम लावता लावता रडायची, म्हणायची सोड ती सायकल. मावशीला सायकल सोडायची नव्हती आणि मारही खायचा नव्हता. एवढंच हवं होतं तिला.

मग सायकलच्या दुकानवाल्याने तिला कोणाचा तरी जुना पॉवर मीटर पॅडलच्या दांडीला बसवून दिला. पाय किती जोर लावतायत ते हँडलवरच्या स्क्रीनवर वॅटमध्ये दिसतं. समोरून वारा असो, चढ असो, आकड्याला तुमच्या तोंडाशी काही घेणंदेणं नसतं. तेव्हा मावशीला कळलं की ट्यूबच्या भीतीने ती चढ सुरू होतानाच तीनशे वॅट मारते आणि अर्ध्यात मरते. दोनशे धरले तर शेवटपर्यंत टिकते. आकडा आपोआप पडायला लागला की पाय थकलेत, त्या दिवशी गप घरी बसायचं. असं करत करत दोनशेचे दोनशे तीस झाले.

जिल्ह्याच्या टीमच्या निवडीच्या शर्यतीत चढ लागला तशा बाकीच्या सुसाट सुटल्या. मावशी दोनशे तीसवर. कोचने जीप शेजारी घेतली आणि चालत्या जीपमधून हाणायला सुरुवात केली. पहिला फटका मानेवर. दुसऱ्याने जर्सी फाटली. तिसऱ्याला ती खांबावर आपटता आपटता वाचली. आणि प्रत्येक फटक्याला तिने बघितलं, आकडा धाडकन खाली येतोय. अंग आखडलं की पाय थांबणारच ना! तिने प्रत्येक वेळी तो परत वर आणला, पण दोनशे तीसच्या वर एक वॅट दिला नाही. पुढच्या एकेक गळाल्या, एक तर ओकत खाली उतरली. मावशी पहिली आली, जर्सी रक्ताने पाठीला चिकटलेली.

आणि नंतर हॉलमध्ये कोच निवड समितीसमोर म्हणतो, "बघितलं? हाणल्याशिवाय येते का ही वर?"

लोक हसले. खरंच हसले. पुढच्या वर्षी शाळेच्या पोरीही सरांकडेच द्यायच्या, असं समितीत तिथल्या तिथे ठरायला लागलं.

मावशीने काय केलं? सायकल हॉलमधल्या जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर चढवली, स्क्रीन समितीकडे वळवली, पाय मारायला लागली. आकडा दोनशेवर स्थिर झाल्यावर म्हणाली, "मारा सर. पण आकडा बघत मारा."

त्याने मारलं. एकशे चाळीस. परत मारलं. एकशे दहा. जुने वळ फुटले, रक्त सीटवर यायला लागलं. तो आकडा बघतच नव्हता, नुसता हाणत सुटला होता. बाकी सगळे मात्र स्क्रीनकडे बघत होते. समितीतल्या बाईंनी शेवटी त्याचा हात धरला तेव्हा तो धापा टाकत म्हणाला, "नाटक करतेय. मुद्दाम हळू मारतेय."

आणि लोकांना ते पटायला लागलं हो. आता कोणीतरी मान हलवणारच होतं, तेवढ्यात त्याची मुलगी पुढे आली. मावशीला खाली उतरवलं, स्वतः चढली, आकडा एकशे ऐंशीवर नेला.

"मला मारा बाबा. मी नाटक नाही करणार."

सगळ्यांना वाटलं होतं, नाही मारणार. हात झटकून सोडवला आणि मारलं त्याने. गाठ तिच्या बरगडीवर बसली, आवाज मागे भिंतीपर्यंत ऐकू आला. तोंड वेडंवाकडं झालं तिचं, अगदी त्याला आवडायचं तसं. आणि आकडा एकशे पाच.

"वाचा ना बाबा," ती म्हणाली.

त्याने वाचला. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलले. बाईंनी त्याच्या हातातली ट्यूब काढून घेतली, त्याने दिली. त्या म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका.

मुलगी पाय मारतच राहिली, रडत, थांबेचना. मावशी पाठीवरून रक्त गळत असताना तिच्याजवळ गेली आणि हँडल धरलं.

"उतर गं. पुरे आता."